उमेदवारी ते पदवी : भारतातील पाकव्यवसाय-शिक्षणाचा ऐतिहासिक मागोवा

१. प्रस्तावना :

अन्न शिजविणे ही मानवी संस्कृतीतील अतिप्राचीन क्रिया आहे. मात्र अन्न शिजविण्याचे शिक्षण महाविद्यालयात घेता येते, त्यासाठी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि शेवटी पदवी मिळते, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने अगदी अलीकडची आहे. आपल्याकडील जुन्या साहित्यात पाककलेचे उल्लेख विपुल आढळतात. महाभारतातील भीम विराटाच्या घरी 'बल्लव' या नावाने आचारी होऊन राहतो. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात अन्नभोगाचे सविस्तर वर्णन आहे. अबुल फझलच्या 'आईन-इ-अकबरी'त बादशाही मुदपाकखान्याची व्यवस्था नोंदविलेली आहे. या साहित्यातून आपल्याला पदार्थ समजतात, राजाची रुची समजते, खर्चाचा हिशेबही समजतो. परंतु चुलीपुढे उभा राहणारा माणूस ही विद्या कोणाकडून, किती वर्षांत आणि कोणत्या परिस्थितीत शिकला, याविषयी हे साहित्य फारसे बोलत नाही.

आज 'शेफ' हा शब्द मराठीत रूढ झाला आहे. मुळात या फ्रेंच शब्दाचा अर्थ 'प्रमुख' एवढाच असून स्वयंपाकघराचा प्रमुख तो 'शेफ द क्विझीन'. त्याच्या शेजारी आपल्याकडील आचारी, खानसामा, बावर्ची, भटारी, महाराज, कुजनेर हे शब्द ठेवून पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या शब्दाभोवती आज पदवीचे आणि प्रतिष्ठेचे वलय आहे, तर उरलेल्या शब्दांना ते लाभलेले नाही. वस्तुतः काम तेच आहे. हा फरक कसा निर्माण झाला, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) पाकव्यवसायाचे शिक्षण उमेदवारीकडून संस्थात्मक शिक्षणाकडे कसे गेले, ते पाहणे.
२) १९५४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या पहिल्या संस्थेचा मूळ हेतू आणि पुढील वाटचाल यांचा परस्परसंबंध तपासणे.
३) या प्रक्रियेत कोणाचे कौशल्य मान्यता पावले आणि कोणाचे मान्यतेबाहेर राहिले, याचा विचार करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचनाचा भर मुंबई व गोमंतक यांच्या संदर्भावर आहे. पाश्चात्त्य देशांतील घडामोडी केवळ तुलनेपुरत्या घेतल्या आहेत.

३. पाश्चात्त्य पार्श्वभूमी :

युरोपात स्वयंपाकाचा धंदा दीर्घकाळ कारागिरांच्या श्रेणींच्या ताब्यात होता. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात, म्हणजे १७९१ मध्ये, या श्रेणी कायद्याने बरखास्त झाल्या. धंदा खुला झाला, तरी शिकण्याची रीत मात्र बदलली नाही. लहान वयात मुलाला एखाद्या उस्तादाच्या हाताखाली ठेवायचे आणि त्याने भांडी घासण्यापासून वर चढत जायचे, हीच ती रीत होती. आंतोनां कारेम (१७८४-१८३३) हा गरिबीतून आलेला मुलगा एका मिठाईवाल्याकडे उमेदवारी करूनच घडला. ऑग्युस्त एस्कोफिए (१८४६-१९३५) वयाच्या तेराव्या वर्षी, १८५९ मध्ये, नीस येथील आपल्या काकांच्या उपाहारगृहात कामास लागला.

याच एस्कोफिएने पुढे लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात काम करताना स्वयंपाकघरातील श्रमविभागणी पक्की केली. सॉस एका विभागाकडे, मासे दुसऱ्याकडे, भाजणी तिसऱ्याकडे आणि गोड पदार्थ चौथ्याकडे, अशी ही रचना होती. सैन्यातील तुकडीप्रमाणे प्रत्येकाचे स्थान आणि वरिष्ठ ठरलेले असत. १९०३ मध्ये त्याचा 'ल गीद क्युलिनेर' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शिक्षणाच्या इतिहासात या दोन्ही गोष्टींना विशेष महत्त्व आहे. कामाचे विभाग पडले की प्रत्येक विभाग हा एक धडा होऊ शकतो. कृती लिहून निश्चित झाली की ती उस्तादाच्या अनुपस्थितीतही शिकविता येते. अभ्यासक्रमाची बीजे अशा रीतीने भटारखान्यातच पडली होती.

संस्था मात्र निरनिराळ्या कारणांनी उभ्या राहिल्या. स्वित्झर्लंडमध्ये पर्यटन वाढल्यामुळे १८९३ मध्ये लोझान येथे हॉटेल-विद्यालय निघाले. पॅरिसमध्ये मार्त दिस्तेल या महिलेने १८९५ मध्ये सुरू केलेल्या पाकविषयक नियतकालिकातून 'ल कोर्दों ब्ल्यू' ही शाळा जन्मास आली व १८९६ च्या जानेवारीत तिचे वर्ग सुरू झाले. लंडनमध्ये १९१० साली वेस्टमिन्स्टरच्या तांत्रिक विद्यालयात पाकशिक्षणाची सोय झाली. अमेरिकेत फ्रान्सिस रॉथ आणि कॅथरीन एंजेल या दोन महिलांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये न्यू हेवन येथे जी संस्था सुरू झाली, तिचा हेतू दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना पोटापाण्याचा धंदा शिकविणे हा होता. हीच संस्था पुढे 'क्युलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका' म्हणून प्रसिद्ध झाली. यावरून असे दिसून येते की, पाकशिक्षणाची संस्था ज्या काळात जन्मते, त्या काळाची निकड तिच्या स्थापनेमागे असते. भारतात ती निकड पर्यटनाची नव्हती. ती अन्नटंचाईची होती. या मुद्द्याकडे वळण्यापूर्वी आपल्याकडे आधीपासून अस्तित्वात असलेल्या शिक्षणाच्या वाटा पाहणे आवश्यक आहे.

४. संस्थापूर्व काळातील शिक्षणाच्या चार वाटा :

(अ) उस्ताद-शागिर्द परंपरा : दिल्ली, लखनौ, हैदराबाद येथील दरबारांच्या आश्रयाने बावर्ची व खानसामे यांची घराणी तयार झाली. येथे विद्या बहुधा रक्ताच्या नात्यात राही. मसाल्याचे प्रमाण सांगितले जात नसे. शागिर्दाने पाहून, वास घेऊन आणि चुका करून 'अंदाज' कमवायचा असे.

(आ) आचारी परंपरा : लग्नकार्ये, मठ, देवस्थाने व अन्नछत्रे येथे स्वयंपाक करणारे आचारी बहुतांशी ब्राह्मण असत. सोवळेओवळे व पंक्तिभेद यांच्या नियमांमुळे कोणाच्या हातचे कोणी खावे हे ठरलेले असे. त्यामुळे हजार पानांचा स्वयंपाक उतरविण्याचे, म्हणजेच मोठ्या प्रमाणावर अन्न शिजविण्याचे, असामान्य कौशल्य या परंपरेत साठले. पण ते शिकण्याचा अधिकार जन्माने ठरत होता.

(इ) गोमंतकीय कुजनेर : पोर्तुगीज शब्दावरून कोकणीत आलेला 'कुजनेर' हा शब्द गोव्यातील ख्रिस्ती आचाऱ्यासाठी रूढ आहे. गोमांस, डुकराचे मांस आणि मद्य यांविषयी निषिद्धता नसल्याने इंग्रजांची घरे, क्लब, आगगाड्या व आगबोटी येथे या आचाऱ्यांना मागणी होती. मुंबईत धोबीतलाव परिसरात गावागावांच्या नावाने चालणारे 'कूड' ही त्यांची वसतिस्थाने होती. बोटीवरून परतलेला आणि बोटीवर जाऊ पाहणारा असे दोघे तेथे एकाच छपराखाली राहत. त्यामुळे नोकरीची माहिती, शिफारस आणि धंद्याचे ज्ञान तेथेच हस्तांतरित होई. मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये सुरू झाले. विसाव्या शतकाच्या मध्यास त्याच्या भटारखान्याचे प्रमुखपद मिगेल आर्कान्जो मास्करेन्हस ऊर्फ 'मास्की' या गोमंतकीयाकडे आले, ही घटना या परंपरेचे सामर्थ्य दाखविते.

(ई) खानावळी : गिरणगावात एकट्याने राहणाऱ्या कामगारांचे जेवण ज्या स्त्रिया करीत, त्यांच्या श्रमाला धंदा म्हणून मान्यता नव्हती. महिनाभराचे उधार सांभाळून, वाढत्या भावात रोज वीस-पंचवीस माणसांचे ताट भरणे हे आजच्या भाषेत खर्च-नियंत्रणच होय. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या माध्यमातून या स्त्रियांना संघटित केले आणि पतपुरवठा मिळवून दिला. तोपर्यंत त्यांचे कौशल्य 'घरकाम' या शब्दाखाली झाकलेले होते.

या चारही वाटांचे समान वैशिष्ट्य म्हणजे ज्ञान लिखित नव्हते. छापील पाकग्रंथ निघत होते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु अशा ग्रंथांचा वाचक साक्षर गृहस्थ अथवा गृहिणी होती, धंदेवाईक आचारी नव्हता. इंग्रजी पुस्तकांचीही गोष्ट निराळी नव्हती. फ्लोरा अ‍ॅनी स्टील व ग्रेस गार्डिनर यांचे १८८८ मधील प्रसिद्ध पुस्तक भारतातील गृहव्यवस्थेविषयी इंग्रज मडमेला सूचना देते. ज्याच्या हातून स्वयंपाक व्हायचा, तो खानसामा त्या पुस्तकाचा विषय होता, वाचक नव्हे.

५. १९५४ : टंचाईतून जन्मलेली संस्था :

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने अन्नाचा प्रश्न देशापुढे उग्र स्वरूपात उभा केला. त्याच वर्षी मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले. स्वातंत्र्य व फाळणीनंतर धान्याची तूट कायम राहिली. १९५० ते १९५२ या काळात कन्हैयालाल मुनशी केंद्रात अन्न व कृषी मंत्री होते. तांदूळ व गहू यांवरील भार कमी करून कंदमुळे, भाज्या व इतर पूरक अन्नांचा वापर वाढवावा, असा प्रचार त्या वेळी शासनाकडून होत होता. लीलावती मुनशी यांच्या नेतृत्वाखालील महिला अन्न परिषदेने 'अन्नपूर्णा' उपाहारगृहांच्या द्वारे अशा पर्यायी अन्नाचे स्वस्त पदार्थ लोकांपुढे आणले. केवळ उपदेश करून लोकांचा आहार बदलत नाही, त्यासाठी रुचकर पदार्थ करून दाखविणारे प्रशिक्षित हात लागतात, ही जाणीव या प्रयोगामागे दिसते.

याच काळात दुसरी एक गरज निर्माण झाली होती. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ४६ नुसार अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृहाची सोय करण्याचे बंधन घालण्याची तरतूद झाली. कामगारांना पोषक, स्वच्छ व परवडणारे अन्न मोठ्या प्रमाणावर देऊ शकेल असा शिक्षित वर्ग देशात नव्हता. रुग्णालये व वसतिगृहे यांचीही हीच अडचण होती.

या पार्श्वभूमीवर १९५४ मध्ये अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने, लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने, मुंबईत अंधेरी येथील भवन्स महाविद्यालयाच्या परिसरात संस्था सुरू केली. पुढे दादर येथे स्थिरावलेली ही संस्था म्हणजे या क्षेत्रातील देशातील पहिले विद्यालय होय. संस्थेच्या नावात हॉटेल व्यवस्थापन व केटरिंग तंत्रज्ञान यांच्याबरोबर 'उपयोजित पोषणशास्त्र' हे शब्द आजही आहेत. बहुतेकांचे लक्ष या शेवटच्या शब्दांकडे जात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते संस्थेच्या जन्माचा खरा दाखला त्याच शब्दांत आहे.

सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने या घटनेचा आणखी एक अर्थ आहे. वर उल्लेखिलेल्या चार वाटांपैकी तीन वाटांवरील प्रवेश घराणे, जात अथवा गाव यांवरून ठरत होता. चौथीवर तो परिस्थितीच्या रेट्याने मिळत होता. विद्यालयाच्या प्रशिक्षण-स्वयंपाकघरात मात्र अर्ज करून प्रवेश मिळे आणि निरनिराळ्या जातिधर्मांचे विद्यार्थी एकाच ओट्यावर काम करून एकमेकांच्या हातचे चाखून पाहत. पंक्तिभेदाच्या समाजात ही गोष्ट लहान नव्हती.

६. अंदाजाकडून प्रमाणाकडे :

संस्थेच्या प्रारंभीच्या वाटचालीत प्राचार्या थंगम फिलिप (१९२१-२००९) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. १९६० च्या दशकात प्रसिद्ध झालेला त्यांचा 'मॉडर्न कुकरी' हा ग्रंथ अध्यापन व व्यवसाय या दोन्हींसाठी लिहिलेला असून तो विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांचे पाठ्यपुस्तक ठरला. भारतीय पदार्थांना वजन, माप आणि निश्चित कृती देऊन ते वर्गात शिकविण्याजोगे करणे हे या ग्रंथाचे योगदान होय. १९७६ मध्ये त्यांना पद्मश्री प्राप्त झाली.

या शिक्षणपद्धतीचे स्वरूप थोडक्यात असे सांगता येईल. विद्यार्थी प्रथम भाजी कापण्याचे निश्चित आकार, अर्क व मूळ सॉस तयार करणे आणि उष्णतेच्या विविध पद्धती शिकतो. त्यानंतर तो शंभर-दोनशे माणसांच्या स्वयंपाकाकडे वळतो. प्रमाणित कृती, दर ताटामागील खर्च, आधी आलेला माल आधी वापरण्याचा नियम, अन्नाचे तापमान आणि स्वच्छता हे विषय त्यास शास्त्र म्हणून शिकावे लागतात. काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात काम करणे अनिवार्य असते. म्हणजे उमेदवारी नष्ट झाली नाही, ती अभ्यासक्रमाच्या पोटात सामावली गेली.

प्रमाणीकरणाचा लाभ निर्विवाद आहे. उस्तादाच्या लहरीवर अवलंबून असलेली विद्या कोणत्याही होतकरू विद्यार्थ्यास खुली झाली. तथापि माप ही केवळ विद्यालयाचीच देणगी होती, असे मानणे योग्य होणार नाही. कमलाबाई ओगले यांचे औपचारिक शिक्षण अत्यल्प होते. तरीही १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याच्या मापांतून मराठी घरांत हेच कार्य केले. शास्त्रीय शिस्त संस्थेबाहेरही निर्माण होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

७. पोषणाकडून पर्यटनाकडे :

१९६० च्या दशकात दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे अशाच संस्था निघाल्या. दिल्लीतील पुसा येथील संस्था १९६२ ची आहे. खाजगी क्षेत्रात ओबेरॉय समूहाने १९६६ मध्ये स्वतःचे विद्यालय काढले. आरंभी शासकीय संस्था अन्न खात्याच्या कक्षेत होत्या. १९८२ मध्ये राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन व केटरिंग तंत्रज्ञान परिषद स्थापन झाली आणि १९८० च्या दशकात हे शिक्षण पर्यटन खात्याकडे गेले.

हा बदल प्रशासकीय वाटला, तरी त्याचा परिणाम मूलगामी होता. अन्न खात्याच्या दृष्टीने आचारी हा पोषणव्यवस्थेचा घटक होता. पर्यटन खात्याच्या दृष्टीने तो आतिथ्य-उद्योगाचा घटक झाला. कारखान्याचे उपाहारगृह, रुग्णालय, वसतिगृह यांची जागा विद्यार्थ्यांच्या महत्त्वाकांक्षेत पंचतारांकित हॉटेलने घेतली. १९९३ पासून दूरदर्शन-वाहिन्यांवर लोकप्रिय झालेल्या 'खाना खजाना' या कार्यक्रमाने शेफला घराघरांत ओळख दिली आणि मध्यमवर्गीय पालकांचा या व्यवसायाविषयीचा संकोच बऱ्याच अंशी दूर केला. मुंबईत वाढलेले गोमंतकीय वंशाचे फ्लॉइड कार्डोझ (१९६०-२०२०) हॉटेल-शिक्षण घेऊन परदेशी गेले आणि १९९८ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झालेल्या 'तबला' या उपाहारगृहाचे शेफ म्हणून नावाजले गेले. आगबोटीच्या भटारखान्यातून परदेशी जाणारा कुजनेर आणि स्वतःच्या नावावर ओळखला जाणारा शेफ यांतील अंतर या उदाहरणावरून ध्यानात येते.

८. मान्यतेबाहेर राहिलेले ज्ञान :

या प्रगतीची दुसरी बाजूही आहे. पदवी आली तसा 'अप्रशिक्षित' हा शब्दही आला. ज्यांनी पदवी घेतली नाही ते सर्व या एका शब्दात ढकलले गेले. त्यात तीस वर्षे लग्नाचा स्वयंपाक करणारा आचारी होता, भटारखान्यात पोऱ्या म्हणून शिरून मुख्य कारागीर झालेला उडुपी हॉटेलातील कामगार होता आणि खानावळ चालविणारी बाईही होती. भारतीय पदार्थ शिकविताना संस्थांना याच लोकांच्या ज्ञानाचा आधार घ्यावा लागला. परंतु बढतीच्या व वेतनाच्या प्रसंगी प्रमाणपत्र त्यांच्या आड आले.

पद्म पुरस्कारांची दोन वर्षे या संदर्भात बोलकी आहेत. २०१६ मध्ये इम्तियाज कुरेशी यांना पद्मश्री मिळाली. लखनौच्या परंपरेत लहानपणापासून काम करीत ते शिकले आणि दिल्लीच्या 'दम पुख्त' या उपाहारगृहाद्वारे त्यांनी अवधी पाककलेस प्रतिष्ठा मिळवून दिली. २०१७ मध्ये हाच सन्मान पुसा येथील संस्थेत शिकलेल्या संजीव कपूर यांना मिळाला. राष्ट्राने दोन्ही वाटांना सारखाच मान दिला. शिक्षणव्यवस्थेने मात्र एकाच वाटेला प्रमाणपत्र दिले.

लिंगभावाच्या अंगानेही विचार करावा लागतो. लोझानचा अपवाद वगळता पॅरिस, न्यू हेवन व मुंबई या तिन्ही ठिकाणी संस्थास्थापनेत स्त्रिया अग्रभागी होत्या. तरीही व्यवसायाची शिखरे दीर्घकाळ पुरुषांच्याच हाती राहिली. मुलींना 'गृहविज्ञान' आणि मुलांना 'हॉटेल व्यवस्थापन' अशी अलिखित विभागणी आपल्या महाविद्यालयांनीही पुष्कळ वर्षे जोपासली. घरातील स्वयंपाक कर्तव्य ठरला आणि बाहेरचा व्यवसाय ठरला. कौशल्य एकच असूनही मूल्य मात्र भिन्न राहिले.

९. निष्कर्ष :

१) भारतातील पाकव्यवसाय-शिक्षणाचा संस्थात्मक उगम चैनीच्या हॉटेलात नसून अन्नटंचाई, पोषण आणि कामगारांच्या जेवणाच्या प्रश्नात आहे.
२) संस्थात्मक शिक्षणाने जन्माधिष्ठित प्रवेशाची अट मोडली. ही त्याची सर्वांत मोठी सामाजिक कामगिरी होय.
३) त्याच शिक्षणाने जन्माच्या जागी प्रमाणपत्राची नवी अट उभी केली आणि उमेदवारीने मिळविलेले ज्ञान तिच्याबाहेर राहिले.
४) अन्न खात्याकडून पर्यटन खात्याकडे झालेल्या स्थलांतरामुळे पोषण हा मूळ हेतू मागे पडला.

हे निष्कर्ष केवळ इतिहासापुरते नाहीत. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांसाठी बी.व्होक. योजना आणली. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वज्ञानास मान्यता देण्याची तरतूद झाली. २०२२ मध्ये आयोगाने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही संकल्पना मांडताना औपचारिक पदवीची अट शिथिल केली. म्हणजे आचारी, कुजनेर अथवा खानावळवाली यांना वर्गात अध्यापक म्हणून बोलाविण्याचा मार्ग आता नियमांनी सर्वस्वी बंद केलेला नाही. खाद्यव्यवसायाचे अभ्यासक्रम चालविणाऱ्या महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील अशा ज्ञानवंतांना विद्यार्थ्यांपुढे आणावे, त्यांच्या कृती व अनुभव नोंदवून ठेवावेत आणि इतिहास विभागाने या नोंदींना मौखिक इतिहासाची शिस्त द्यावी, असे सुचवावेसे वाटते. त्याचप्रमाणे शालेय पोषण आहार, वसतिगृहे व रुग्णालये यांसाठी लागणाऱ्या स्वयंपाकाचे शिक्षण हाही या अभ्यासक्रमांचा प्रतिष्ठित भाग व्हावा. १९५४ च्या संस्थेने आपल्या नावात 'उपयोजित पोषणशास्त्र' हे शब्द घातले, तेव्हा तिच्यापुढे सर्वसामान्यांचे ताट होते. ते ताट पुन्हा अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आणणे ही आजच्या उच्च शिक्षणाची जबाबदारी आहे.